काकांच्या लायब्ररीतला होल्ड: २०२२ चे वाय-फाय बग आणि इंदूरमधली वीसेक मशीनं

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२२ मधे लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे त्याच्या गाभ्यातल्या, वाय-फाय कोडमधले पाच बग एकदम जाहीर झाले, त्यांचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आठवड्याभरात बऱ्याच मोठ्या डिस्ट्रोंमधे (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमधे) आले, आणि तरी इंदूरला भंवरकुआंजवळच्या एका लायब्ररीत ते पॅच आपोआप कधीच पोचले नसते, दोन वर्ष वाट बघितली असती तरी नाही. कारण कर्नलमधे नव्हतं, एका स्वस्त यूएसबी डोंगलमधे, म्हणजे बाहेरून लावायच्या वाय-फायच्या तुकड्यात होतं. ह्या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे अशा जागा गल्लोगल्ली आहेत आणि तिथलं मशीन कोणी उघडून बघत नाही.

लायब्ररी म्हणजे इंदूरच्या भाषेतली, पुस्तकांची नाही, महिन्याच्या फीवर सीट मिळणारी. खंडवा, खरगोन, बुऱ्हाणपूर, देवास इकडची मुलं एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करायला येतात, हॉस्टेलच्या खोलीत गर्दी म्हणून दिवसभर इथे बसतात. चालवतात माझ्या वडिलांचे मित्र, बँकेतून रिटायर झालेले काका आणि काकू. मुलांना ऑनलाइन मॉक टेस्ट देता याव्या म्हणून त्यांनी वीसेक मशीनं ठेवलीयत, बरीचशी जुनी डेस्कटॉप ज्यांत वाय-फायच नाही म्हणून मागे यूएसबी डोंगल लावलेलं, थोडे लॅपटॉप ज्यांत इंटेलचं वाय-फाय ६ वालं कार्ड आहे, त्यातला एक काकूंच्या टेबलावर, ज्यात फीचा हिशेब आणि मुलांच्या आधारच्या कॉप्या असतात. सगळ्यांवर डेबियन ११ ही डिस्ट्रो, एका कॉम्प्युटरवाल्यानी एक इमेज (सगळं बसवलेल्या डिस्कची कॉपी) बनवून तीच सगळीकडे टाकलेली. "तीच सगळीकडे" हे लक्षात ठेवा, पुढे सगळं ह्यावरच फिरतं. एक कोपऱ्यातलं मशीन मात्र त्याच्याही आधीचं, डेबियन १० वालं.

आता बग काय होते. ह्यात जरा वेळ घालवतो, कारण बातम्यांमधे फक्त "वाय-फायमधून हॅक" एवढंच आलं आणि त्यातून कोणालाच काही कळलं नाही.

राउटर दर १०२.४ मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, एक बीकन फ्रेम हवेत सोडतो, मी इथे आहे, माझं नाव हे, माझा स्पीड हा. पूर्वी एका राउटरवर चार नेटवर्क चालवायची तर चार वेगळे बीकन लागायचे आणि नुसत्या नावं सांगण्यातच हवा भरून जायची. मग मल्टिपल बीएसएसआयडी नावाची सोय आली, ज्यात एकच बीकन जातो आणि बाकी नेटवर्कांची माहिती त्याच्याच पोटात असते, फ्लॅटच्या दारावर एकाच पाटीवर चार भाडेकरूंची नावं लिहितात तसं. वाय-फाय ६ मधे ह्याचा वापर वाढला आणि लिनक्समधे ह्याचा कोड २०१९ मधे ५.१ आणि ५.२ ह्या कर्नलांबरोबर आला. बग ह्याच कोडच्या आसपास.

त्यातला सगळ्यात स्पष्ट सीव्हीई-२०२२-४१६७४ (सीव्हीई म्हणजे बगचा जाहीर नोंदणी क्रमांक). पाटीवाला जो तुकडा असतो त्याच्या सुरवातीला दोन बाइट, पहिला प्रकार सांगतो, दुसरा लांबी. लांबी एका बाइटमधे म्हणून जास्तीत जास्त २५५. कोडला त्या तुकड्याचं शेवट शोधायचं होतं, म्हणून त्यानी लांबीत २ मिळवले, अगदी बरोबर गणित. पण उत्तर ज्या व्हेरिएबलमधे ठेवलं तेही एकाच बाइटचं. समोरच्यानी लांबी २५४ पाठवली तर २५६ व्हायच्या ऐवजी उत्तर ० येतं, २५५ पाठवली तर १. मग मेमरी राखून ठेवताना वेगळा हिशेब आणि कॉपी करताना वेगळा, आणि राखलेल्या जागेच्या बाहेर २५६ बाइट जास्तीचे लिहिले जातात, तेही कर्नलच्या मेमरीत. दुरुस्ती काय, तर व्हेरिएबलचा टाइप मोठा केला. एक शब्द बदलला. हा पॅच वाचला तेव्हा मी बराच वेळ ती ओळ बघत होतो, कारण इतकी निरागस ओळ साडेतीन वर्ष जगभरातल्या लॅपटॉपांत बसून होती.

बाकीचे चार: ४२७१९ आणि ४२७२० मधे सोडून दिलेली मेमरी परत वापरली जायची, ४२७२१ मधे नेटवर्कांची यादीच बिघडायची, ४२७२२ मधे मशीन नुसतं क्रॅश. पाचांतले पहिले तीन धोक्याचे, त्यांतून कोड चालवता येण्याची शक्यता धरली गेली, शेवटचे दोन मशीन बंद पाडणारे. शोधले जर्मनीत डार्मस्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या झ्योंके हुस्टर ह्यांनी, फझिंग करून, म्हणजे मुद्दाम वाकड्यातिकड्या फ्रेम कर्नलवर फेकत राहून. त्यांनी सुझे ह्या लिनक्सवाल्या कंपनीला कळवलं, सुझेनी कर्नलच्या सिक्युरिटी टीमला, आणि ह्या कोडची देखभाल करणारे मेंटेनर, इंटेलचे योहानेस बर्ग, दुरुस्त्या करत असताना दोघांना मिळून आणखी बग सापडत गेले. १३ ऑक्टोबरला जाहीर, दोन दिवसांत ५.१०.१४८, ५.१५.७४, ५.१९.१६ आणि ६.०.२ ही कर्नलं आली. डेबियन ११ साठी १८ ऑक्टोबरला ५.१०.१४९. ह्याहून जलद कोणी काय करणार?

काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता.

"अरे पण आपण त्याच्या नेटवर्कला कनेक्टच नाही झालो तर तो घुसेल कसा? पासवर्ड तर आपला आहे नं."

"काका, कनेक्ट व्हायच्या आधीचंच हे सगळं आहे. वाय-फाय चालू असलं की मशीन आजूबाजूचे बीकन वाचतच असतं, तुम्हाला ती नावांची लिस्ट दिसते नं, ती येते कुठून? ते वाचतानाच गडबड होते. पासवर्ड तिथे येतच नाही."

"म्हणजे बाजूच्या हॉस्टेलमधला कोणीही?"

"रेंजमधे असला आणि त्याला येत असलं तर, हो."

आणि भंवरकुआंला रेंजमधे कोण नसतं. एका बिल्डिंगमधे तीन कोचिंग, वर हॉस्टेल, खाली चहावाला, लिस्ट उघडली तर स्क्रोल करत बसावं लागतं.

इथे एक जुनी गोष्ट आठवणं भाग आहे कारण तिचा साचा हाच. ऑक्टोबर २०१९ मधे रिअलटेकच्या चिपा चालवणाऱ्या आरटीएल-वायफाय ड्रायव्हरमधला सीव्हीई-२०१९-१७६६६ बाहेर आला, निको वाइसमन ह्यांनी शोधलेला. वाय-फाय डायरेक्टमधे, म्हणजे राउटरशिवाय दोन डिव्हाइस सरळ जोडतात तेव्हा, समोरचं डिव्हाइस सांगतं की मी अमुक वेळ गैरहजर असेन, अशी प्रत्येक नोंद १३ बाइटची. ड्रायव्हर नोंदींच्या लांबीला १३ नी भागून नोंदी किती ते काढायचा आणि तेवढ्या भरायचा, पण त्याच्याकडे जागा होती फक्त २ नोंदींची. लांबीला १३ नी पूर्ण भाग जातो का हे तपासलं होतं, भागाकार २ पेक्षा मोठा तर नाही हे नाही. ते २०१३ पासून तसंच होतं. तिथे वाय-फाय डायरेक्ट चालू आणि जोडलेलं असल्याशिवाय तो कोड चालतच नव्हता म्हणून धोका बातम्यांइतका मोठा नव्हता. पण दोन्हीकडे हवेतून आलेल्या आकड्यावर कर्नलनी विश्वास ठेवला, आणि माझ्या मते ड्रायव्हर रिव्ह्यू करणाऱ्यानी सगळ्यात आधी हेच शोधावं, हा आकडा कोणी दिला, आणि तो दुष्ट असला तर काय.

परत लायब्ररीत. २० ऑक्टोबर २०२२ च्या सुमारास मी जाऊन काकूंच्या लॅपटॉपवर बघितलं. चालू कर्नल कुठलं ते सांगणाऱ्या युनेम -आर ह्या कमांडनी दाखवलं ५.१०.०-१०. ह्या आकड्यावरून गोंधळ होतो, त्यातलं ५.१०.० खरं व्हर्जन नव्हे, शेवटचा १० हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक. खरं व्हर्जन युनेम -व्ही मधे दिसतं, आणि तिथे होतं ५.१०.८४, डिसेंबर २०२१ चं. दुसरं मशीन, तेच. तिसरं, तेच. दहा महिने कर्नल हललेलंच नाही आणि ऑटोमॅटिक अपडेट तर सगळीकडे चालू, ब्राउझर अगदी ताजा, बाकी सगळं ताजं.

एपीटी-मार्क शोहोल्ड चालवलं आणि उत्तर मिळालं. लिनक्स-इमेज-एएमडी६४ वर होल्ड, म्हणजे हे पॅकेज अपडेट करायचं नाही अशी खूण. डेबियनमधे हे नाव म्हणजे खरं कर्नल नाही, ते नुसतं पुढच्या कर्नलाकडे बोट दाखवणारं मेटापॅकेज, नवा क्रमांक आला की त्याच्यामार्फत नवं कर्नल उतरतं. ते धरून ठेवलं की नवं कर्नल येतच नाही, आणि ऑटोमॅटिक अपडेट होल्डचा मान राखतं, एररही देत नाही, वाद घालत नाही.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. माणूस प्रामाणिक, लपवलं काही नाही. जानेवारीत अपडेट झालं, दुसऱ्या दिवशी सगळ्या डेस्कटॉपचं वाय-फाय गेलं, मुलांची मॉक टेस्ट, काकांचे फोनवर फोन, त्यानी जुनं कर्नल परत बूट केलं, वाय-फाय आलं, होल्ड मारला, आणि तीच इमेज सगळ्यांवर टाकली, लॅपटॉपवरसुद्धा. "सर, चल रहा था तो छेड़ा नहीं," म्हणाला. त्याच्या जागी बसून विचार केला तर दुसरं काय सुचलं असतं मला नाही माहीत, पण वाय-फाय का गेलं हे त्या दिवशी कोणी पाच मिनिटं शोधलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण फार साधं निघालं. डोंगलमधली चिप रिअलटेकची ८८११सीयू, हिचा ड्रायव्हर तेव्हा कर्नलमधे नव्हताच. त्या कुटुंबातल्या यूएसबी चिपांना कर्नलमधे जागा मिळाली ६.२ मधे, फेब्रुवारी २०२३ ला. तोपर्यंत बाहेरून सोर्स कोड आणायचा आणि डीकेएमएस नावाच्या टूलनी आपल्या कर्नलसाठी बिल्ड करायचा. नवं कर्नल आलं की डीकेएमएस तोच ड्रायव्हर त्याच्यासाठी परत आपोआप बिल्ड करतं, पण त्यासाठी त्या कर्नलचे हेडर, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या फाइली, लागतात. आणि इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक गाइडमधे जी कमांड असते ती फक्त आत्ता चालू असलेल्या कर्नलचे हेडर बसवते. इथेही तीच वापरलेली. म्हणजे ५.१०.०-१० चे हेडर होते, -११ आलं, त्याचे हेडर नाहीत, डीकेएमएस नी बिल्ड सोडून दिली, डोंगल मेलं. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज त्या दिवशी असतं तर कर्नलबरोबर हेडरही आले असते आणि काकांना कळलंही नसतं की अपडेट झालंय.

आता खरा धोका कोणाला होता ते बघितलं, आणि ही ह्या प्रकरणातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट. मल्टिपल बीएसएसआयडीवाला कोड प्रत्येक कार्डसाठी चालत नाही. ड्रायव्हरनी आधी सांगावं लागतं की मला हे जमतं, मगच कर्नल बीकनच्या पोटातल्या नेटवर्कांकडे बघतं. असं सांगणारे मुख्यतः नव्या पिढीचे ड्रायव्हर, म्हणजे आपल्याकडे लॅपटॉपमधलं इंटेलचं वाय-फाय ६ कार्ड. डोंगलचा बाहेरून आणलेला ड्रायव्हर त्या वाटेला जाण्याची शक्यता फार कमी. म्हणजे ज्या मशीनांना त्या होल्डची काहीच गरज नव्हती, ज्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच होता आणि अपडेटनी जे कधी बिघडलेच नसते, तेच सगळ्यात उघडे, आणि त्यातच मुलांच्या आधारच्या कॉप्या. कोपऱ्यातलं डेबियन १० वालं मशीन ४.१९ वर, त्यात हा कोड जन्मालाच आला नव्हता म्हणून ह्या पाचांपासून सुटलेलं.

काका लगेच म्हणाले, "मग जुनंच बरं की रे."

"ह्या पाचांपुरतं, काका. बाकीच्यांचं काय? तुमच्याच ह्या होल्डमुळे मार्चमधला डर्टी पाइपसुद्धा अजून उघडा आहे."

आणि हे सांगताना मला वाय-फायपेक्षाही ह्याचीच जास्त काळजी वाटत होती. डर्टी पाइप म्हणजे सीव्हीई-२०२२-०८४७, मॅक्स केलरमन ह्यांनी शोधलेला, ५.८ पासूनच्या कर्नलांत, साध्या युजरला मशीनचा मालक बनवणारा. मशीनवर बसलेल्या कोणालाही तो चालतो, आणि इथे तर रोज वेगळा मुलगा त्याच मशीनवर बसतो. वाय-फायच्या बगसाठी रेंजमधे येऊन खास फ्रेम बनवाव्या लागतात, डर्टी पाइपचा तयार कोड कोणालाही मिळत होता. वाय-फायची बातमी आली म्हणून आपण ते मशीन उघडलं, पण उघडल्यावर दिसलं ते हे, की कर्नलचा होल्ड एका बगसाठी दार उघडं ठेवत नाही, तो डिसेंबर २०२१ नंतरच्या प्रत्येक बगसाठी ठेवतो.

त्याच दिवशी काकूंच्या लॅपटॉपला लॅन केबल लावली आणि आरएफकिल ह्या कमांडनी वाय-फाय पूर्ण बंद केलं. काकू जरा नाराज, टेबल हलवावं लागलं, पण आधारच्या कॉप्यांचं सांगितल्यावर स्वतःच केबल भिंतीला क्लिपनी लावून घेतली. बाकीचं काम दिवाळीवर ढकललं, २४ ला दिवाळी, मुलं गावी जायला लागलेलीच होती.

रिकाम्या लायब्ररीत आधी लॅपटॉप घेतले कारण तिथे अडचणच नव्हती, होल्ड काढला, अपग्रेड, रिबूट, युनेम -व्ही मधे ५.१०.१४९, झालं. रिबूट हा शब्द मुद्दाम लिहितोय, कर्नल डिस्कवर उतरलं म्हणजे चालू झालं असं नाही, आणि अशा जागी मशीन महिनोन्महिने नुसतं स्लीपमधे असतं.

डेस्कटॉपपैकी एकच आधी घेतलं. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ बसवलं, होल्ड काढला, अपग्रेड केलं, आणि रिबूटच्या आधी डीकेएमएस स्टेटस बघितलं की नव्या कर्नलसमोर "इन्स्टॉल्ड" येतंय का. आलं. मग रिबूट. डोंगल लागल्यावर काही सेकंद ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतं, विंडोजच्या ड्रायव्हरसाठी कंपनीनी केलेली सोय, यूएसबी-मोडस्विच त्याला खऱ्या रूपात आणतं, तोपर्यंत घाबरायचं नाही. वाय-फाय आलं. जुनं कर्नल ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेन्यूत राहू दिलं, फोनचं यूएसबी टेदरिंग हाताशी ठेवलं, आणि मग बाकीची एकामागून एक. लक्ष देण्यासारखं फक्त एवढंच झालं की दोन मशीनांत डिस्कचं बूट पार्टिशन भरलेलं होतं, जुनी फाइलं साफ करावी लागली.

डोंगलांचं मात्र मी काकांना सरळ सांगितलं की हळूहळू बदला, जिथे केबल ओढता येते तिथे केबल. बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक मोठ्या अपग्रेडला हीच भीती परत, आणि भीती आली की परत कोणीतरी होल्ड मारणार. मीडियाटेकची एमटी७६०१यू ४.२ पासून कर्नलमधे आहे, एमटी७६१२यू ४.१९ पासून, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं की चालतात. जेल रोडच्या दुकानांत विचारलं तर चिप कुठली हे कोणी सांगत नाही, डब्यावर नुसतं मॉडेल नंबर आणि त्याच मॉडेलच्या वेगळ्या व्हर्जनमधे वेगळीच चिप निघू शकते, म्हणून एक आणून, लावून, एलएसयूएसबी ह्या कमांडमधे चिपचा आयडी बघून मगच बाकीचे घ्यायचे असं ठरवलं. काकांनी अर्ध्या मशीनांना शेवटी केबलच घातली. डेबियन १० वाल्याला जून २०२४ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार होते, पण ते तसंही रडतखडत चालायचं, काढून टाकलं.

काकूंच्या फीच्या रजिस्टरमधे आता मागच्या पानावर मशीन नंबर आणि त्यापुढे युनेम -व्ही चं उत्तर असतं, महिन्याच्या एक तारखेला त्या स्वतः लिहितात. दोन महिने आकडा तोच दिसला की मला फोन.

कॉम्प्युटरवाल्याकडे मी परत गेलो, भांडायला नाही. त्याच्या सेटअप स्क्रिप्टमधली हेडरवाली ओळ बदलून मेटापॅकेजवाली टाकली, होल्डची ओळ काढली, आणि का ते त्याच्यासमोर दोन मशीनांवर करून दाखवलं. मग त्यानीच सांगितलं की हीच इमेज त्यानी जानेवारीनंतर भंवरकुआं ते विजयनगरपर्यंत बऱ्याच जागी टाकलीय, दोन दवाखान्यांतही. त्याची यादी फोनमधे होती. तिथेच बसून त्यानी पहिला फोन दवाखान्याला लावला.